चाकाखालची माती: पूर ओसरल्यावर नदीकाठच्या ट्रेलचं काय करायचं?

या वेळी आलेली बरीचशी पत्रं एकाच गोष्टीवर आहेत, नदीकाठचे माउंटन बाइक ट्रेल आणि त्यांची झालेली अवस्था. म्हणून बाकीचे विषय बाजूला ठेवून सगळी जागा यालाच दिलीय. काही उत्तरं लांबलीत पण तिथे खरंच सांगण्यासारखं आहे म्हणून लांबलीत.

प्रश्न: ताई, आमच्या ट्रेलवर दोन दिवस पुराचं पाणी होतं. ओसरून चार दिवस झाले, ऊन कडक आहे, वरून माती सुकून पांढरी दिसतेय. ग्रुपमधले म्हणतात चला, मी म्हणतोय थांबा. कोण बरोबर?

तुम्ही बरोबर, आणि हे उत्तर ग्रुपमध्ये नक्की वाचून दाखवा. पुराने आणून टाकलेला गाळ अगदी बारीक असतो, त्याचा वरचा पापुद्रा एक-दोन उन्हांत सुकतो आणि मग तोच झाकणासारखा बसतो, खालची ओल लवकर बाहेर पडत नाही, त्यामुळे वरून खडखडीत आणि दोन बोटं खाली नुसता लगदा अशी स्थिती बरेच दिवस राहते. शेतकऱ्यांकडे यासाठी इतका नेमका शब्द आहे की मला तो सायकलवाल्यांच्या तोंडी बसवायचाय: वाफसा, म्हणजे माती काम करता येईल इतपत सुकलेली असणं. जमीन वाफशावर आल्याशिवाय त्यात औत घालत नाहीत, कारण ओल्यात घातलं की माती दाबली जाते, ढेकळं होतात आणि पुढे ती जमीन त्रास देते. ट्रेलचंही अगदी तसंच आहे, फक्त औताच्या जागी आपली दोन चाकं आहेत.

वाफसा आलाय का हे बघायला काही मशीन लागत नाही. वाटेच्या मधोमध दोन-तीन इंच उकरा, खालची मूठभर माती घ्या, गच्च दाबा आणि मूठ उघडून त्या गोळ्याला अंगठ्याने टोचा. गोळा फुटून भुगा झाला तर चला. नुसता अंगठ्याचा ठसा उठला, किंवा माती हातालाच चिकटून बसली, तर घरी जा. आणि हे एकाच जागी करून थांबू नका कारण पूर माती सगळीकडे सारखी टाकत नाही. पाणी पात्राबाहेर पडलं की त्याचा वेग कमी होतो, मग जड वाळू काठाजवळच बसते आणि बारीक चिकणमाती लांब, मागच्या सखल भागात जाऊन बसते. म्हणून होतं काय, की काठाजवळचा तुकडा दोन दिवसांत मस्त होतो, आपण खुश होऊन निघतो आणि शंभर-दोनशे मीटर आत झाडांच्या सावलीत चाकं रुततात. ट्रेलचा सगळ्यात ओला, सगळ्यात सावलीतला तुकडा जेव्हा तयार होईल तेव्हा ट्रेल तयार, असं धरा.

एवढं जपायचं का, तर ओल्या गाळात उमटलेली चाकोरी सुकली की विटेसारखी कडक होते आणि पुढच्या पावसाचं पाणी बरोबर तिच्यातूनच धावतं, प्रत्येक सरीला ती थोडी खोल होते. एका रविवारच्या दहा सायकली आणि मग पुढचे कितीतरी रविवार फावडं मारत बसायचं.

आता खरी काळजीची गोष्ट, जी फार कमी जणांना माहीत असते. काठ बहुतेक वेळा पूर चढताना नाही कोसळत, ओसरताना आणि ओसरल्यावर कोसळतो. पाणी वर असतं तेव्हा काठाच्या मातीत पाणी मुरतं, ती जड होते, पण नदीचं पाणीच तिला बाहेरून टेकू देत असतं. पाणी झपाट्याने उतरलं की टेकू जातो आणि आतलं पाणी मात्र तिथेच असतं, त्याला बाहेर पडायला वेळ लागतो, मग भिजून जड झालेला काठाचा तुकडाच्या तुकडा खाली बसतो. याची खूण म्हणजे काठाला समांतर जाणाऱ्या भेगा. सुकलेल्या गाळावर सगळीकडे जाळीसारख्या भेगा पडतात, त्यांना घाबरायचं कारण नाही, पण काठाच्या बाजूने सरळ लांब गेलेली एकच भेग दिसली, आणि तिच्या नदीकडच्या बाजूची जमीन अर्धा इंच जरी खाली बसलेली असली, तर तिकडे पायी सुद्धा जायचं नाही. पहिली फेरी नेहमी चालत करा, सायकल न घेता, आणि दोघं मिळून.

प्रश्न: वाटेवर वीतभर गाळ साचलाय. ओला असतानाच काढला तर सोपं जाईल ना?

नाही हो. ही चूक मी स्वतः केलीय म्हणून जीव तोडून सांगते. पहिल्या वर्षी आम्ही चौघांनी दोन दिवस राबून ओला गाळ फावड्याने ओढला आणि वाटेच्या दोन्ही कडांना टाकत गेलो, दिसायला इतकं सुंदर दिसत होतं. पण त्या कडांचे झाले बांध आणि मधल्या वाटेचा झाला कालवा, पुढच्या पावसात आत आलेल्या पाण्याला बाहेर जायला जागाच राहिली नाही आणि आधी कधी न साचणारं पाणी आठवडाभर साचून राहिलं. शिवाय ओल्यात तुडवून आम्ही खालची मूळ कडक वाटही मऊ करून ठेवली.

वाफसा येऊ द्या. मग गाळ कोरडा होऊन पापुद्र्यांसारखा सुटतो, दंताळ्याने किंवा सपाट फावड्याने सरळ निघतो. थर बोट-दोन बोटं असेल तर काढूच नका, चाकांनी तो दाबला जाऊन वाटेतच मिसळतो. जाड असेल तिथे काढायचा पण काढलेला गाळ कडेला नाही, लांब, झाडीत पातळ पसरून टाकायचा. आणि नदीत तर अजिबात ढकलायचा नाही, खालच्या बाजूला माशांची अंडी असतात त्या वाळूगोट्यांवर हा बारीक गाळ बसला की ती गुदमरतात.

प्रश्न: एका ठिकाणी कायम डबकं असतं. सगळे त्याला वळसा घालतात, आता वाट तिप्पट रुंद झालीय. काय करावं?

वळसा घालणं आधी बंद. डबकं उथळ असेल आणि खालचा तळ कडक असेल तर हळू, ब्रेक न मारता, मधूनच जायचं. तळ मऊ असेल तर उतरून सायकल उचलून मधूनच चालायचं, बूट भिजले तर भिजू देत. वळसा घालणारा प्रत्येक जण कडेचं गवत मारतो, गवत मेलं की तिथेही चिखल, मग पुढचा त्याच्याही बाहेरून जातो.

पण नुसती शिस्त पुरणार नाही, पाण्याला बाहेर काढावं लागेल. डोंगरउतारावरच्या वाटेला हे सोपं असतं. इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन, म्हणजे इम्बा, ही १९८८ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली संस्था, तिने लोकप्रिय केलेला एक निम्म्याचा नियम आहे: वाटेचा चढ हा डोंगराच्या आडव्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त नको. म्हणजे उतार २० टक्के असेल तर वाटेचा चढ १० टक्क्यांच्या आत, असं केलं की पाणी वाटेवरून लांब धावत न जाता वाट ओलांडून खाली निघून जातं. त्याच्या जोडीला वाट खालच्या बाजूला साधारण ५ टक्के कलती ठेवायची, म्हणजे मीटरभर रुंदीला पाच सेंटीमीटर. सायकलवर हे जाणवतही नाही पण पाण्याला बरोबर कळतं.

नदीकाठी मोठी अडचण ही की उतारच नसतो. सपाट जमिनीवर चाकांनी वाट दोन इंच दबली की ती आजूबाजूपेक्षा खाली जाते आणि पाणी जाणार कुठे? म्हणून आधी बघा, डबक्याच्या दहा-पंधरा फुटांत कुठे डबक्यापेक्षा सखल जागा आहे का. जोराचा पाऊस चालू असताना छत्री घेऊन जाऊन उभं राहा, पाणी स्वतःच दाखवतं. मी तर म्हणेन ट्रेल सांभाळणाऱ्याने पावसात केलेली एक फेरी उन्हातल्या दहा फेऱ्यांच्या बरोबरीची आहे. सखल जागा सापडली तर डबक्याच्या त्या बाजूची कड कापून साधारण ३ मीटर लांबीचा अर्धगोल उथळ निचरा करा, मध्यभागी १५ टक्क्यांच्या आसपास कल, आणि कडा हळूहळू वाटेत मिसळलेल्या. अरुंद खोल चर खणू नका, तो पानांनी आणि गाळाने एका पावसात बुजतो आणि त्यात पुढचं चाक अडकलं तर माणूस आपटतो. सखल जागा नसेलच तर पाणी खाली नेण्याचा नाद सोडून वाट वर उचलायची, त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

प्रश्न: आम्ही चिखलात नदीतले गोटे टाकले, फांद्या टाकल्या, वाळलेलं गवत टाकलं. सगळं गिळून टाकतो तो चिखल!

गिळणारच. गवत आणि फांद्या कुजतात, कुजलेलं आणखी पाणी धरून ठेवतं, म्हणजे तुम्ही चिखलाला खतपाणीच घातलं. आणि नदीतले गोटे गोल गुळगुळीत असतात, एकमेकांत अडकत नाहीत, वजन पडलं की सरकतात आणि एक-एक करून खाली जातात. नदीतले दगड काढूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, तळातला तो दगडांचा थर खालची माती वाहून जाण्यापासून वाचवतो, आपण आपली वाट वाचवायला नदीचं पात्र उघडं करायचं हे बरोबर नाही.

वाट वर उचलायची पद्धत अशी. आधी मऊ, काळा, कुजका थर काढून टाका, खाली जरा घट्ट माती लागेपर्यंत. त्यावर जिओटेक्स्टाइल कापड अंथरा. हे कापड पाणी जाऊ देतं पण दगड आणि चिखल एकमेकांत मिसळू देत नाही, गिळण्याचा प्रकार बंद होतो तो या कापडामुळे. दोन्ही कडांना मोठे दगड किंवा ओंडके घट्ट बसवा, मध्ये कोनदार फोडलेली खडी भरा, आणि सगळ्यात वर मुरूम किंवा चिकण आणि वाळू मिसळलेली माती, मधोमध फुगीर ठेवून, थोडं पाणी शिंपडत धुम्मसने चांगली ठोकून. कडांमधून पाणी बाहेर पडायला जागोजागी फटी ठेवा. कापड वर उघडं पडू देऊ नका, ते चाकात गुंडाळलं जातं. दहा मीटर करायला पाच-सहा जणांचा अख्खा दिवस जातो, म्हणून सगळी वाट अशी करायला निघू नका, जिथे खरंच पर्याय नाही तेवढीच करा. आधी नेहमी हा विचार करा की वाट तिथून हलवता येतेय का.

प्रश्न: आम्ही बांधलेला लाकडी पूल पुरात वाहून गेला. आता जास्त मजबूत बांधायचा की नाही?

लाकूड तरंगतं आणि पुरात वाहत आलेले ओंडके पुलाला अडकतात, मग त्या अडकलेल्या कचऱ्यामागे पाणी तुंबतं आणि तो सगळा रेटा पुलावर येतो, म्हणून नुसतं जाड लाकूड हा उपाय नाही. छोट्या ओढ्याला पूल हवाच असं नाही. काठ दोन्हीकडून सौम्य उताराचा करून, ओढ्याला काटकोनात, तळात मोठे सपाट दगड पक्के बसवून घेतले तर पूर त्यावरून निघून जातो आणि मागे फार तर गाळ राहतो. काटकोन महत्त्वाचा, तिरकं ओलांडलं तर ओढ्याचं पाणी वाटेने चालायला लागतं. पूल लागणारच असेल तर एका टोकाला बिजागरीसारखा लोखंडी दोराने बांधून ठेवा, म्हणजे पुरात तो बाजूला फिरून काठाला लागतो, फुटून पुढे कुणाच्या अंगावर जात नाही. पण पूल बांधायला जागेच्या मालकाची आणि नदी ज्यांच्या अखत्यारीत आहे त्यांची लेखी परवानगी लागते, ती आधी.

प्रश्न: आमची वाट आता काठापासून जेमतेम हातभर राहिलीय. तिथून नदी इतकी छान दिसते की कुणालाच वाट आत सरकवायची नाहीय. दगड-गोण्या लावून काठ वाचवता येईल का?

तुमचं मन मला कळतं, त्या दृश्यासाठीच तर आपण तिथे जातो. पण एकदा वरून बघा, नदी तिथे कशी वळतेय. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाण्याचा वेग जास्त असतो, तिथे ती काठ खात जाते, आतल्या बाजूला वेग कमी, तिथे वाळू टाकत जाते. तुमची वाट बाहेरच्या काठावर असेल तर आज हातभर आहे ते पुढच्या मोठ्या पुरात शून्य होईल, आणि चार गोण्यांनी नदी थांबत नाही, गोण्यांच्या शेवटाला पाणी भोवरा घेतं आणि तिथून दुप्पट जोमाने खातं. शिवाय खालच्या बाजूच्या कुणाच्या तरी जमिनीवर तो मारा जातो.

वाट आत घ्या. मी स्वतः काठाच्या उंचीइतकं तरी अंतर ठेवते, काठ तीन मीटर उंच तर वाट किमान तीन मीटर आत, बाहेरच्या वळणावर त्याच्या दुप्पट-तिप्पट. जमलं तर वाट पूरमैदानाच्या मागच्या कडेला, जिथे जमीन जरा चढायला लागते तिथे न्या, तिथे निचऱ्यालाही उतार मिळतो, दोन्ही कामं होतात. आणि नदी बघायला आतल्या, वाळू साचणाऱ्या बाजूला एक छोटी पायवाट काढा, सायकल वर ठेवून चालत जायचं. जुनी वाट नुसती सोडून देऊ नका, लोक सवयीने जातातच, तिची कडक झालेली माती खणून सैल करा आणि दोन्ही तोंडांना झुडपं लावा, वाट दिसलीच नाही पाहिजे.

काठावरचं गवत-झुडपं साफ करायच्या फंदात पडू नका, ती मुळंच काठ धरून असतात. फक्त वाटेत आलेल्या फांद्या, त्याही बुंध्याजवळच्या फुगीर गाठीला धक्का न लावता कापायच्या, खुंटी ठेवायची नाही. उभ्या मातीच्या काठात गोल बिळं दिसली तर ती खंड्याची किंवा वेड्या राघूची घरटी असू शकतात, विणीच्या दिवसांत तिथे गर्दी नको. एक वनस्पती मात्र सगळीकडे अशी उपकारक नसते: आपल्या तेरड्याचा भाऊबंद हिमालयन बालसम. १८३९ मध्ये तो शोभेसाठी ब्रिटनला नेला, आणि आता तिथल्या नदीकाठांवर त्याने बाकी झाडोरा दाबून टाकलाय. शेंग फुटली की बी सात मीटरपर्यंत उडतं, मग नदी ते पुढे नेते, आणि हिवाळ्यात झाड मेलं की मुळं उथळ असल्यामुळे काठ उघडा पडतो. बिया चिखलाबरोबर टायरला आणि बुटांना चिकटून सुद्धा जातात, म्हणून एका नदीवरून दुसऱ्या नदीवर जाताना सायकल धुऊन, सुकवून न्या ही सवय कुठेही चांगलीच.

प्रश्न: चालायला येणारे म्हणतात वाट सायकलवाल्यांनीच खराब केली. हे खरं आहे का?

अर्धं. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या मोंटाना राज्यातल्या डोंगरवाटांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात चालणारे, घोडे, मोटरसायकली आणि सायकली सगळ्यांची तुलना होती, आणि खुरांनी नि पावलांनी चाकांपेक्षा जास्त माती मोकळी होते असं दिसलं. पण हे कुणाच्या तोंडावर मारायला वापरू नका. पावलाचा खड्डा सुटा असतो, चाकाची चाकोरी सलग, आणि सलग चाकोरीत पाणी धावतं. उतारावर मागचं चाक लॉक करून घसरत जाणारा एक जण दिवसभरच्या चालणाऱ्यांपेक्षा जास्त नुकसान करू शकतो. तेव्हा ओल्यात न जाणं, ब्रेक हळू दाबणं, माणूस दिसला की थांबून वाट देणं, आणि कामाच्या दिवशी त्या चालणाऱ्यांनाही बोलावणं. एकदा सोबत घमेली उचलली की ती भांडणं बरीच निवळतात, हे मी बघितलंय.

प्रश्न: गाळातून फिरल्यावर ब्रेक करकरतात, पॅड महिन्यात संपले. पॅड खराब होते का?

पॅड खराब नव्हते, गाळातले बारीक कण पॉलिश पेपरसारखे घासतात. ऑरगॅनिक, म्हणजे रेझिनचे पॅड ओल्या गाळात फार लवकर झिजतात, अशा वाटांना सिंटर्ड, धातूचे पॅड टिकतात, फक्त तुमची डिस्क त्यांना चालणारी आहे ना हे डिस्कवरच लिहिलेलं असतं ते बघून घ्या. धुताना पाण्याचा प्रेशर पंप हबवर (चाकाच्या मधल्या भागावर) आणि बॉटम ब्रॅकेटवर (पेडलच्या दांड्या जिथे फिरतात तिथे) मारू नका, ग्रीस निघून गाळच आत जातो.

प्रश्न: पहिल्यांदाच श्रमदान ठेवतोय. काय काय लागेल?

परवानगी, मग सपाट फावडी, दंताळी, दोन टिकाव, एक पहार, करवत, घमेली. परदेशातल्या ट्रेलवर मॅक्लाउड नावाचं हत्यार सर्रास दिसतं, एका बाजूला जाड दात आणि दुसऱ्या बाजूला फावड्याची धार, खरं तर ते जंगलातली आग रोखायला बनवलेलं. मिळालं तर उत्तम, नाहीतर आपलं दंताळं आणि फावडं मिळून तेच काम होतं. हत्यार हातात असताना दोघांमध्ये दोन हत्यारांएवढं अंतर.

हातमोजे आणि बंद बूट सगळ्यांना, यात सूट नको. पुराच्या गाळात उंदीर-घुशींच्या आणि गुरांच्या मूत्राने लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असू शकतात, ते अंगावरच्या जखमेतून, ओरखड्यातून शिरतात. पायाला जखम असलेल्याने त्या दिवशी गाळात उतरू नये. काम झाल्यावर साबणाने हात-पाय धुऊनच खाणं-पिणं. आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कुणाला ताप आला, अंग-पोटऱ्या दुखल्या, तर डॉक्टरांना पुराच्या गाळात काम केल्याचं आवर्जून सांगायचं.

प्रश्न: 'ट्रेल बंद आहे' असा बोर्ड लावला तरी लोक जातात. काय लिहावं?

नुसतं 'बंद' लिहिलं की माणूस वरची पांढरी माती बघतो आणि म्हणतो, हे बहुतेक जुनं असेल. का बंद आहे ते लिहा, आणि तारीख घाला: 'खाली ओल आहे, चाकोरी पडतेय. आज तपासलं. परत परवा तपासू.' मग परवा खरंच जाऊन बघा आणि तारीख बदला, खडूने बदलली तरी चालेल. बोर्ड सुरुवातीच्या गेटवर लावा, आत अर्ध्या वाटेवर नको, तिथवर आलेला माणूस मागे फिरत नाही. शेजारी कुठली कोरडी वाट चालू आहे तेही लिहा. आणि ज्या दिवशी मुठीतला गोळा फुटेल त्याच दिवशी बोर्ड काढा, संध्याकाळ झाली असली तरी. कोरड्या वाटेवर चार दिवस जास्त लटकलेला बोर्ड लोकांनी एकदा बघितला की पुढच्या पुरात तुमचं कुणी ऐकणार नाही.